आईच्या केसपेपरवर ‘मिक्स्ड यूआय, ओएबी वेट, पीव्हीआर १४०’ : याचा अर्थ कोणी नीट उलगडून सांगेल का?

रातराणी यांचा प्रश्न

आई, वय ६३. मधुमेह ११ वर्षं, बीपी ८ वर्षं. गोळ्या : मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन १०, अम्लोडिपिन ५, रामिप्रिल ५. शिंकलं-खोकलं की थोडी लघवी सुटते. शिवाय कळ आली की थांबवत नाही. दाराच्या कुलपात किल्ली घालेपर्यंत साडी ओली झालेली असते. रात्री तीनदा उठावं लागतं.

केसपेपरवर लिहिलेलं जसंच्या तसं : ‘मिक्स्ड यूआय, स्ट्रेस > अर्ज. ओएबी वेट. नॉक्टुरिया × ३. सिस्टोसील ग्रेड १. सोनोग्राफी : प्री-व्हॉइड ७२० मि.ली., पीव्हीआर १४० मि.ली. लघवी रूटीन : शुगर ++++. सल्ला : सॉलिफेनॅसिन ५, ब्लॅडर डायरी, यूडीएस.’

आईचं म्हणणं, ‘मला कसलंही टेन्शन नाही, मग हा स्ट्रेस आला कुठून?’ मला विचारायचंय ते असं : हे चार वेगळे आजार आहेत की एकच? १४० हा आकडा वाईट आहे का? आणि यूडीएस लगेच करून घ्यावी का?

---

ओपीडी_सात

चार आजार नाहीत. गोंधळ होतो, कारण केसपेपरवर तीन जातींचे शब्द एकाच ओळीत बसलेले असतात. काही शब्द म्हणजे पेशंटने सांगितलेली तक्रार, काही डॉक्टरांना तपासताना दिसलेली गोष्ट, आणि काही यंत्राने मोजलेला आकडा. तुमच्या कागदावर यूआय, स्ट्रेस, अर्ज, ओएबी, नॉक्टुरिया या सगळ्या तक्रारी आहेत. सिस्टोसील हे दिसलेलं. पीव्हीआर हा आकडा. यातला एकही शब्द ‘का होतंय’ हे सांगत नाही.

यूआय म्हणजे युरिनरी इनकॉन्टिनन्स, इच्छा नसताना लघवी सुटणं. थेंब असो की धार, शब्द तोच.

आता तो ‘स्ट्रेस’. इथे स्ट्रेस म्हणजे पोटातून मूत्राशयावर येणारा दाब. मनाच्या ताणाशी त्याचा संबंध नाही. खोकला, शिंक, हसणं, पाण्याची बादली उचलणं, एसटीची उंच पायरी चढणं, यातलं काहीही केलं की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो. मूत्रमार्गाखाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. ते घट्ट असले तर त्याच दाबाने मूत्रमार्गही चेपला जातो आणि बंद राहतो. बागेतली रबरी नळी फरशीवर असताना तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबतं. तीच नळी चिखलात असली तर पाय दिल्यावर नुसती रुतते, पाणी चालूच राहतं. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठता यांनी फरशीचा चिखल होतो. ‘स्ट्रेस’ शब्दाने होणारा हा घोळ फक्त मराठीत होत नाही. २०१० साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतही काही भाषांसाठी ‘हालचालीशी निगडित गळती’ असा पर्याय सुचवलेला आहे. आईला ‘दाबाने गळणं’ म्हणून सांगा.

‘अर्ज’ म्हणजे कळ येऊन सुटणं. नुसती टाळता न येणारी अचानक कळ म्हणजे अर्जन्सी, आणि त्या कळीबरोबर गळती झाली तर अर्ज इनकॉन्टिनन्स. यात मूत्रमार्ग बंद ठेवणारी झडप बहुधा ठीक असते. मूत्राशयाचा स्वतःचा स्नायू, डिट्रूसर, भरण्याच्या काळात शांत राहायला हवा, तो मधेच आवळतो. कुलपात किल्ली घालताना सुटते ते हेच. घर आलं, आता जाता येईल, ही खूण मेंदूला मिळते आणि कळ उसळते. नळाच्या पाण्याचा आवाज, गार पाण्यात हात, यांनीही हेच होतं.

दोन्ही प्रकार एकाच बाईत असले की ‘मिक्स्ड’. ‘स्ट्रेस > अर्ज’ म्हणजे डॉक्टरांच्या मते दाबाची गळती जास्त त्रासदायक. हे चिन्ह लक्षात ठेवा, उपचार कुठून सुरू करायचा ते त्याच्यावर ठरतं.

ओएबी म्हणजे ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर. कळ हा मुख्य भाग. सोबत बहुतेकदा वारंवार जाणं आणि रात्री उठणं, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं उघड कारण नसणं. गळत असेल तर ‘वेट’, कळ येते पण गळत नाही तर ‘ड्राय’. याचा धाकटा भाऊ वाटणारा शब्द म्हणजे डिट्रूसर ओव्हरॲक्टिव्हिटी. तो तक्रारीवरून लिहायचा नसतो. मूत्राशयात नळी घालून दाब मोजताना स्नायू आवळलेला आलेखावर दिसला तरच तो शब्द येतो. जुन्या फायलीत ‘डिट्रूसर इनस्टॅबिलिटी’ सापडेल. २००२ च्या परिभाषेने ते नाव काढून टाकलं, गोष्ट तीच.

नॉक्टुरिया म्हणजे झोपेतून लघवीसाठी जाग येणं, आधी झोप आणि नंतरही झोप. गुडघा दुखून जाग आली आणि ‘उठलेच आहे तर जाऊन येते’ असं झालं, तर ते मोजायचं नाही. अंथरुणात नकळत होणं वेगळं, त्याला एन्युरेसिस म्हणतात.

सिस्टोसील ग्रेड १ म्हणजे मूत्राशयाची भिंत योनीच्या पुढच्या बाजूने किंचित खाली उतरली आहे. बायका ‘अंग बाहेर येतं’ म्हणतात त्याची ही अगदी पहिली पायरी. एवढ्याचं सहसा काही करावं लागत नाही.

पीव्हीआर म्हणजे लघवी करून आल्यावर आत उरलेली. ५० मि.ली.च्या आत असली तर उत्तम, उतारवयात १०० पर्यंत चालतं, २०० च्या वर गेली तर कारण शोधायचं. १४० हा मधला आकडा. पण तुमच्या कागदावर त्याच्या शेजारीच प्री-व्हॉइड, म्हणजे लघवीला जाण्याआधी आत असलेली, ७२० लिहिलंय, आणि तिथे मला शंका आहे. सोनोग्राफीला ‘पाणी पिऊन बसा’ म्हणतात, नंबर लागायला दीड तास जातो, मूत्राशय तट्ट फुगतं. मोठ्या माणसाचं मूत्राशय आरामात ४०० ते ५०० धरतं. ७२० पर्यंत ताणलेला स्नायू एका दमात पूर्ण आवळत नाही, काही मागे राहतं. वर लिटर-दीड लिटर पाणी पोटात असताना मूत्रपिंडं मिनिटाला १० मि.ली. पर्यंत लघवी करत असतात. स्वच्छतागृहातून येऊन टेबलावर झोपेपर्यंत दहा मिनिटं गेली तर नव्याने १०० मि.ली. जमा. ते ‘उरलेलं’ नसतं, पण रिपोर्टमध्ये तसंच छापून येतं.

तेव्हा पीव्हीआर पुन्हा करून घ्या. या वेळी साधारण ३०० ते ४०० भरल्यावर, नेहमीसारखी कळ आली की जायचं, बसून पूर्ण करायचं, उठायचं, अर्धा मिनिट थांबून पुन्हा बसून एकदा प्रयत्न करायचा, आणि पाच मिनिटांच्या आत प्रोब लावायचा. तेव्हाही १५०-२०० आली तर ११ वर्षांच्या मधुमेहाचा विचार करावा लागेल. मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर होतात, भरल्याचं उशिरा कळतं, स्नायू ढिला पडतो, आणि भरलेल्या टाकीसारखी वरून गळती सुरू होते. त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. तो बाहेरून दाबाच्या गळतीसारखाच दिसतो आणि उपचार मात्र उलटा, म्हणून हा आकडा नीट हवा.

शुगर ++++ बघून घाबरू नका. डापाग्लिफ्लोझिनचं कामच साखर लघवीतून बाहेर टाकणं. रक्तातली साखर उत्तम असली तरी लघवीत ती दिसणारच.

---

काउंटरमागून

गोळ्यांच्या यादीबद्दल. वरच्या चारपैकी तीन गोळ्यांचा या तक्रारीशी संबंध असू शकतो, आणि केसपेपरवर त्याबद्दल अक्षर नाही.

डापाग्लिफ्लोझिन : साखरेबरोबर पाणीही ओढून नेतं, दिवसाची लघवी सुमारे ३७५ मि.ली.ने वाढते. योनीला खाज, पांढरा स्राव, आग असेल तर बुरशीचा संसर्ग बघा, तोही या गोळीबरोबर येतो आणि त्यानेही कळ वाढते.

अम्लोडिपिन : घोट्यांवर सूज आणतं. दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि त्याची लघवी होते. संध्याकाळी घोट्यावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा. खळगा राहिला तर डॉक्टरांना सांगा.

रामिप्रिल : काहींना कोरडा, टोचणारा खोकला लावतं. दाबाची गळती असलेल्या बाईला दिवसभर खोकला म्हणजे दिवसभर गळती. या गटातली गोळी बदलून टेल्मिसार्टनसारखी दिली की खोकला बहुधा जातो, पण एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्त.

यातली एकही गोळी स्वतः बंद करायची नाही. यादी घेऊन जायचं आणि ‘या गोळीला दुसरा पर्याय आहे का’ एवढंच विचारायचं.

आता सॉलिफेनॅसिन ५. हे कळ कमी करतं, म्हणजे ‘अर्ज’वर. ‘स्ट्रेस’वर त्याचा काही उपयोग नाही. केसपेपरवर स्ट्रेस मोठा लिहिलाय, त्यामुळे गोळी घेऊनही शिंकेला गळतच राहिलं तर औषध फसलं असं समजू नका. पूर्ण फरक कळायला ४ आठवडे तरी द्या. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठता हे ठरलेले त्रास. तोंड कोरडं पडलं म्हणून माणूस जास्त पाणी पितो आणि पुन्हा लघवीला पळतो, हे चक्र फार बघायला मिळतं. लवंग किंवा बडीशेप चघळा, घोटभर पाण्याने चूळ भरा. बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष नको. भरलेलं मलाशय मूत्राशयाला मागून दाबतं, कळही वाढवतं आणि पीव्हीआरही.

हे औषध सुरू करण्याआधी तीन गोष्टी सांगायच्याच : काचबिंदू आहे का (विशेषतः अरुंद कोनाचा), लघवी कधी तुंबली होती का, आणि पायांच्या जळजळीसाठी ॲमिट्रिप्टिलिन चालू आहे का. मधुमेहींना ते पुष्कळदा दिलेलं असतं. ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि सॉलिफेनॅसिन हे तिन्ही एकाच दिशेने ओढतात. सत्तरीच्या पुढे अशा बेरजेने गोंधळलेपणा, विसराळूपणा येतो आणि घरचे म्हणतात ‘वय झालं’. या गटाला पर्याय मिराबेग्रॉन, २५ किंवा ५० मि.ग्रॅ. त्याने तोंड फारसं कोरडं होत नाही, पण बीपी वाढू शकतो. वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर देत नाहीत.

---

तळमजला_फिजिओ

स्ट्रेस मोठा असेल तर पहिला उपचार व्यायाम, निदान तीन महिने. शस्त्रक्रियेचा विषय त्यानंतर. हे व्यायाम केगल नावाने ओळखले जातात. अरनॉल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये ते मांडले. बहुतेक बायका ते चुकीचे करतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्नायू सापडणं हीच अर्धी लढाई. गुडघे दुमडून उताणं झोपायचं. चारचौघांत वायू येतोय आणि अडवायचाय, असं मागचं द्वार आवळा. आता तीच आवळण पुढे योनीपर्यंत आणि मूत्रमार्गापर्यंत आणून आत-वर ओढा. पोटावर एक हात ठेवा. पोट दगडासारखं झालं, श्वास थांबला, मांड्या किंवा नितंब आवळले गेले, तर चुकलं. सगळ्यात घातक चूक म्हणजे आत ओढण्याऐवजी खाली जोर देणं. कुंथताना होतं तसं. त्याने झोळी आणखी लोंबते. आरशात बघितलं तर बरोबर करताना पेरिनियम, म्हणजे दोन द्वारांमधली जागा, आत सरकते. चुकीचं करताना ती बाहेर फुगते.

प्रमाण : आवळून धरायचं, सुरुवातीला ३ सेकंद, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणंही व्यायामाचाच भाग आहे, ते विसरू नका. असे ८, मग ८ झटपट आवळ-सोड. दिवसातून ३ वेळा. दर आठवड्याला एखादा सेकंद वाढवत १० सेकंदांपर्यंत. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. उभ्याने जमलं नाही तर खोकताना उपयोग नाही, कारण झोपून कोणी खोकत बसत नाही. फरक सहा ते बारा आठवड्यांत कळतो.

सगळ्यात लवकर कामाला येणारी युक्ती : खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं, संपेपर्यंत सोडायचं नाही. भरलेला कुकर ओट्यावरून उचलतानाही तसंच. काही बायकांना आठवड्या-दोन आठवड्यांत एवढ्यानेच फरक जाणवतो.

कळ आल्यावर धावायचं नाही. धावताना पोट आवळतं, लक्ष सगळं लघवीवर जातं, आणि वाटेतच सुटतं. जागच्या जागी थांबायचं, शक्य असेल तर खुर्चीच्या कडेवर टेकायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळ-सोड करायची. आवळण्याने मूत्राशयाच्या स्नायूला ‘थांब’ असा निरोप जातो. मनात सात-सातने उलटी मोजणी करा, शंभरपासून. कळ लाटेसारखी असते, मिनिटभरात ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जायचं.

याच्या जोडीला ब्लॅडर ट्रेनिंग. आता दर तासाला जात असतील तर एक आठवडा सव्वा तास, पुढे दीड, असं १५ ते ३० मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर आणायचं. निदान सहा आठवडे.

---

झाडाखाली

आमच्याकडे सांगतात की लघवी करताना मधेच धार तोडायची, तोच व्यायाम. आणि पाणी निम्मं करायचं. चालेल का?

---

तळमजला_फिजिओ

दोन्ही नको. धार तोडून बघणं हे स्नायू ओळखायला महिन्यातून एखादं वेळ चालेल. रोज केलं तर रिकामं होण्याच्या वेळी ‘थांब’ हा चुकीचा निरोप जातो, लघवी उरते आणि जंतूंना घर मिळतं. पाणी निम्मं केलं की लघवी दाट होते, मूत्राशयाच्या अस्तराला झोंबते, कळ वाढते, उन्हाळी लागते, शौचाला घट्ट होतं. दिवसाचं दीड ते दोन लिटर ठेवायचं, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. कापायचाच असेल तर चहा कापा. दिवसाला पाच कप असतील तर दोन. एकदम नाही, नाहीतर दोन दिवस डोकं धरतं.

आणखी एक. बाहेरचा घाणेरडा कमोड दिसला की बायका त्यावर न टेकता अर्धवट उकिडव्या राहून करतात. त्या अवस्थेत मांड्या आणि तळाचे स्नायू आवळलेले असतात, पूर्ण होत नाही. कागद अंथरून टेका, किंवा सरळ भारतीय बैठकीचं स्वच्छतागृह शोधा.

---

रातराणी

मनापासून आभार. डायरी केली, तीन दिवस. मधला दिवस टाकते, मापाच्या जारने मोजलंय, सगळं मि.ली.

सकाळी ६.३० ला उठल्यावरची पहिली आदल्या रात्रीत धरली. मग ८.३० : १३०. ९.४५ : ९० (भाजीला निघताना). ११.३० : १६०. १.१५ : १४०. ३.०० : १८०. ४.३० : ११० (देवळात निघताना). ६.१५ : १७०, दाराशी सुटली. ८.०० : १५०. १०.१५ झोपताना : १८०.

रात्री १२.१५ : २६०. २.४० : २५०. ४.३० : २१०. सकाळी ६.३० : ३२०.

गळती : खोकल्याने तीनदा थेंब, दाराशी एकदा जास्त. पिणं : पाणी साधारण १६००, चहा ४ कप, रात्री ९ वाजता ताकाचा मोठा पेला. घोट्यावर खळगा राहतो.

---

ओपीडी_सात

इतकी नीट डायरी क्वचित मिळते. आता हिशोब.

रात्रीची लघवी म्हणजे झोपायला गेल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्याबरोबरची पहिली. झोपतानाची १०.१५ ची दिवसात. २६० + २५० + २१० + ३२० = १०४०. दिवसाची बेरीज १३१०. एकूण २३५०. रात्रीचा वाटा ४४ टक्के. पासष्टीच्या पुढे तो ३३ टक्क्यांच्या वर गेला की त्याला नॉक्टर्नल पॉलियुरिया म्हणतात. तरुणांत ती रेघ २० ला आहे. तुमच्या आई ६३ च्या, म्हणजे कुठल्याही मापाने जास्त.

म्हणजे नॉक्टुरिया × ३ हा बहुतांशी मूत्राशयाचा दोष नाही. रात्री प्रत्येक वेळी दोन-अडीचशे निघतात. मूत्राशय चिडलेलं असतं तर ६०-८० निघून थांबलं असतं. रात्री लघवी जास्त तयार होतेय, आणि घोट्यावरचा खळगा त्याचं एक कारण दाखवतो. मला हा तुमच्या सगळ्या कागदातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण रात्रीच्या उठण्यासाठी सॉलिफेनॅसिन वाढवत नेलं तर तोंड कोरडं पडेल, उठणं थोडंच कमी होईल.

करायचं काय : दुपारी तीन-चारच्या सुमाराला तासभर पाय उशीवर, छातीच्या पातळीपर्यंत उंच. म्हणजे पायातलं पाणी रात्रीऐवजी संध्याकाळी निघून जाईल. ताक जेवणाबरोबर दुपारी. झोपण्याआधी दोन-तीन तास पिणं बंद, गोळीपुरतं घोटभर. रात्रीच्या जेवणातलं मीठ, लोणचं, पापड कमी. अम्लोडिपिनबद्दल वर लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा. आई जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातही रात्रीची लघवी वाढते. कोणी डेस्मोप्रेसिन (रात्रीची लघवी कमी करणारं औषध) सुचवलं तर रक्तातलं सोडियम तपासल्याशिवाय घेऊ नका, उतारवयात ते धोकादायकरीत्या उतरतं.

दुसरं, दिवसाचे आकडे. ९.४५ ला ९०, ४.३० ला ११०, दोन्ही घरातून निघताना. रात्री ३२० धरणाऱ्या मूत्राशयाला ९० ला जायची गरज नव्हती. ही ‘निघायच्या आधी जाऊन ये’ची शाळेपासूनची सवय आहे. रस्त्यात बायकांना धड सोय नसते, त्यामुळे तिला दोष देववत नाही. पण रोज अर्धवट भरल्यावर रिकामं करत राहिलं की मूत्राशय तेवढ्यालाच कळ द्यायला शिकतं. लांबच्या प्रवासाला निघताना जा, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जाताना नको.

तिसरं, खोकल्याची गळती थेंबांची आणि दाराशी एकदाच जास्त. आईला विचारा, यातलं जास्त नकोसं काय वाटतं. ‘स्ट्रेस > अर्ज’ हे चिन्ह उलटंही होऊ शकतं.

---

रातराणी

पीव्हीआर पुन्हा केली, ३६० भरल्यावर. ३५ आली! मग यूडीएस करायची का? आणि सध्या पाळीचे पॅड वापरतेय, ते चालतं का?

---

ओपीडी_सात

३५ म्हणजे ओव्हरफ्लोची शंका गेली, सॉलिफेनॅसिनने लघवी तुंबण्याचा धोकाही बराच कमी झाला.

यूडीएस म्हणजे युरोडायनॅमिक्स. मूत्राशयात सुमारे २ मि.मी. जाडीची नळी, गुदद्वारात दुसरी. पहिली एकूण दाब मोजते, दुसरी पोटाचा. एकातून दुसरा वजा केला की डिट्रूसरचा स्वतःचा दाब उरतो. सलाइन हळूहळू भरतात, बहुधा मिनिटाला ५० मि.ली. आणि विचारत राहतात : पहिली जाणीव कधी, जावंसं कधी वाटलं, आता थांबवत नाही असं कधी झालं. मधून मधून खोकायला लावतात. खोकल्याबरोबर गळलं आणि डिट्रूसर शांत असला तर ती दाबाची गळती. आलेखावर डिट्रूसरची लाट आली आणि तिच्याबरोबर गळलं तर कळीची. कधी खोकल्यानंतर पाच सेकंदांनी लाट येते आणि मग गळतं. पेशंट ‘खोकल्याने गळतं’ असं सांगतो, प्रत्यक्षात खोकल्याने चिडलेलं मूत्राशय असतं. अशा बाईला स्लिंगची (मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची) शस्त्रक्रिया केली तर कळ तशीच राहते, कधी वाढते. म्हणून मिक्स्ड असताना शस्त्रक्रियेच्या आधी ही तपासणी रास्त आहे. व्यायाम आणि गोळी सुरू करायला मात्र तिची वाट बघायची गरज नाही. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेची भाषा निघाली तर करा.

करायचीच झाली तर आधी लघवीत जंतुसंसर्ग नाही हे बघून घ्या, सकाळी शौचाला साफ होऊ द्या, आणि सॉलिफेनॅसिन किती दिवस आधी थांबवायचं ते विचारा. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

या सगळ्यात थांबायचं नाही अशा गोष्टी : लघवीतून रक्त, लघवी पूर्ण अडणं, कंबर दुखून जांघेत बसायच्या जागी बधिरपणा येणं, आणि गर्भपिशवी काढल्यानंतर किंवा अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस न थांबता गळणं. शेवटच्यात मूत्राशय आणि योनीमध्ये भोक पडलेलं असू शकतं, तिथे व्यायामाने काही होत नाही.

---

काउंटरमागून

पॅडबद्दल. पाळीचा पॅड दाट, हळूहळू येणाऱ्या रक्तासाठी केलेला असतो. लघवी पातळ, आणि एकदम येते. पाळीच्या पॅडमध्ये ती पृष्ठभागावर पसरते, कडेने गळते, कातडी ओली राहून लाल होते. लघवीच्या पॅडमध्ये तिला जेल करणारी पूड असते. ‘ब्लॅडर लीक’ किंवा ‘इनकॉन्टिनन्स’ पॅड म्हणून मागा. थेंबांसाठी सर्वात छोटा पुरे, ॲडल्ट डायपरची गरज नाही.

किती गळतं हे मोजायचं असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. कोरड्या पॅडचं वजन लिहा, वापरलेला लगेच झिपच्या पिशवीत घालून पिशवीसकट तोला, पिशवीचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मि.ली. २४ तासांचे सगळे पॅड मिळून तीन-चार ग्रॅमपर्यंत आले तर तो घाम आणि स्राव धरायचा. व्यायाम सुरू करण्याआधी एकदा आणि बारा आठवड्यांनी एकदा तोला, त्याच प्रकारचा पॅड आणि साधारण तेवढंच काम असलेला दिवस निवडून.

कातडी साध्या पाण्याने धुवा, साबण चोळू नका, टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा. जाड थर लावला तर तो पॅडच्या जाळीत बसतो आणि पॅड शोषत नाही. पाळी गेलेल्या बाईला आतून कोरडेपणा, आग असेल तर डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं (स्त्री-संप्रेरकाचं) क्रीम देतात : पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. कळीला त्याचाही उपयोग होतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर लिहून घेण्याआधी तसं सांगा.

---

रातराणी

क्रीमचं विचारते. रामिप्रिल बदलून दिली आज. आईला ‘दाबाने गळणं’ सांगितलं, तेव्हा म्हणाली, ‘मग तसं लिहायचं ना.’